चित्र अडलं? आधी आवाज तपासा

व्हिडिओ अडकला की पहिला आरोप इंटरनेटवर होतो. राउटर बंद-चालू करायचा, कॅशे पुसायचा, डीएनएस बदलायचा, आणि तरीही नाही चाललं तर सिस्टीमला नावं ठेवून मोकळं व्हायचं. विंडोजवर यातलं एखादं चुकून लागूही पडतं. फ्रीबीएसडीसारख्या कमी वापरातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर मात्र ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. तिथे चित्र गोठण्याचं मूळ बऱ्याचदा साउंड कार्डात असतं.

आधी लक्षण नीट पाहावं. प्लेअरच्या खालच्या पट्टीवर दोन गोष्टी दिसतात: किती भाग उतरवून झाला ती फिकट रेघ, आणि सेकंदांचा काटा. रेघच पुढे सरकत नसेल तर दोष खरोखर नेटवर्कचा. काटा चालतोय, आवाज स्वच्छ आहे आणि चित्र फक्त झटके खातंय, तर दोष डीकोडिंगचा (दाबून पाठवलेलं चित्र उलगडण्याचा) किंवा ग्राफिक्सचा. रेघ आरामात पुढे गेली आहे, काटा मात्र शून्यावर किंवा पहिल्या सेकंदावर ठाण मांडून बसलाय, तर नजर आवाजाकडे वळवावी.

याचं कारण असं, की बहुतेक प्लेअर चित्र आवाजाच्या घड्याळावर चालवतात. मदरबोर्डवरचं घड्याळ आणि साउंड कार्डचं घड्याळ वेगवेगळ्या स्फटिकांवर चालतात, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तर तासाला 0.18 सेकंद आणि दोन तासांच्या चित्रपटात 0.36 सेकंद अंतर पडतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला किंवा 125 मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. म्हणजे दोन्ही घड्याळं आपापली चालू दिली, तर चित्रपट संपण्याच्या खूप आधी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे होतील.

कुणीतरी एकाने दुसऱ्याच्या मागे जायला हवं. डोळा उदार असतो: सेकंदाला 30 चित्रांपैकी एखादं दोनदा दाखवलं किंवा गाळलं, तरी सहसा कळत नाही. कान तसा नाही. आवाज साठवलेला असतो तो ओळीने मोजलेल्या छोट्या छोट्या नमुन्यांत, आणि त्या रांगेत छोटीशी फट पडली तरी 'टक्' असं ऐकू येतं. म्हणून आवाज अखंड चालू ठेवायचा आणि चित्राने त्याच्याशी जुळवून घ्यायचं, असा हा करार आहे.

प्रत्यक्षात हे मोजणीवर चालतं. आवाज सेकंदाला 48,000 नमुन्यांचा असेल, तर 30 चित्रांच्या व्हिडिओत दर 1,600 नमुन्यांमागे एक चित्र येतं. सेकंदाला 23.976 चित्रं असलेल्या व्हिडिओत हाच आकडा बरोबर 2,002 होतो. ब्राउझर आवाजाचे नमुने एका वर्तुळाकार बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) भरतो आणि साउंड चिप ते स्वतःच्या गतीने उचलते. नमुन्यांचा एक ठोकळा संपला की चिप प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, देते. ठोकळा 1,024 नमुन्यांचा असेल, तर दर 21.3 मिलिसेकंदांनी 'इतकं वाजवून झालं' असा निरोप येतो. प्लेअर या आकड्याला 48,000 ने भागतो. तीच त्याच्या लेखी 'आत्ताची वेळ'. प्रत्येक चित्रावर ते केव्हा दाखवायचं याचा शिक्का असतो. वेळ शिक्क्यापर्यंत पोचली की चित्र पडद्यावर येतं.

आता समजा, चिपने इंटरप्ट दिलाच नाही. मोजणी पुढे जात नाही, म्हणजे प्लेअरच्या लेखी वेळच थांबली. चित्रं उतरली आहेत, उलगडली आहेत, पण दाखवायची घटका येतच नाही. यात एक गमतीदार भेद आहे. आवाजाचं उपकरण मुळात उघडलंच नाही, तर बहुतेक प्लेअर संगणकाच्या घड्याळाकडे वळतात आणि व्हिडिओ मुका पण सुरळीत चालतो. उपकरण उघडलं, पण नमुने कुणी उचलत नाही, तेव्हा चित्र गोठतं. अर्धवट चालणारं साउंड कार्ड पूर्ण मेलेल्या कार्डापेक्षा जास्त छळतं ते असं.

खात्री करायला एमपीव्ही हा प्लेअर उत्तम. तोही मुळात आवाजाच्याच घड्याळावर चालतो. तोच व्हिडिओ एकदा नेहमीसारखा आणि एकदा 'नो-ऑडिओ' पर्याय देऊन चालवावा. दुसऱ्या वेळी सुरळीत चालला तर आरोपी सापडला. आता कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, संदेश वाचावेत. फ्रीबीएसडीत 'प्ले इंटरप्ट टाइमआउट, चॅनल डेड' अशी ओळ दिसली, तर वर सांगितलेलंच घडलं आहे.

उपाय क्रमाने करावेत. 'डेव्ह' डिरेक्टरीतली 'एसएनडीस्टॅट' फाईल वाचली की पीसीएम शून्य, पीसीएम एक अशी उपकरणांची यादी मिळते आणि मूळ निवड कोणती तेही दिसतं. पुष्कळदा पहिला मान एचडीएमआयच्या तारेला मिळालेला असतो आणि स्पीकर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असतात. सिस-सीटीएलमधल्या (कर्नलच्या सेटिंग बदलण्याच्या सोयीतल्या) साउंडच्या 'डिफॉल्ट युनिट'ला स्पीकरचा क्रमांक द्यावा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा (चालू ब्राउझर जुनं उपकरण धरून बसतो), आणि जमलं तर तीच ओळ सिस-सीटीएलच्या कॉन्फ फाईलमध्ये लिहावी. नाहीतर पुढच्या बूटला पाढे पंचावन्न. योग्य उपकरण निवडूनही इंटरप्टची तक्रार उरली, तर एचडीए या साउंड ड्रायव्हरला त्या कंट्रोलरसाठी एमएसआय (इंटरप्ट पाठवण्याची एक पद्धत) बंद ठेवण्याची सूचना बूटच्या वेळी देता येते. शेवटचा पर्याय पोलिंगचा: चिपच्या निरोपाची वाट न पाहता ड्रायव्हरच ठरावीक काळाने तिची विचारपूस करतो. गरज नसताना तो लावू नये. फायरफॉक्समध्ये 'अबाउट-सपोर्ट' पानावर मीडिया विभागात आवाजासाठी कोणता बॅकएंड, म्हणजे आवाज सिस्टीमपर्यंत पोचवणारी कोणती व्यवस्था, चालू आहे ते दिसतं. तो ओएसएस (फ्रीबीएसडीच्या कर्नलची स्वतःची आवाज-व्यवस्था), पल्स किंवा एसएनडीआयओ असू शकतो. पल्सचा सर्व्हर अर्धमेला असेल तर 'मीडिया-क्यूबेब-बॅकएंड' या सेटिंगमध्ये ओएसएस लिहून पाहावं.

आवाज ठीक असूनही चित्र झटके खात असेल, तर हिशेब वेगळा. 1920 गुणिले 1080 चं एक चित्र नेहमीच्या रंगपद्धतीत 31,10,400 बाइट व्यापतं. 30 चित्रांचे सेकंदाला 9.3 कोटी बाइट, म्हणजे जवळपास 746 मेगाबिट. तारेतून आलेले असतात जेमतेम पाच. बाकीचं सगळं डीकोडर गणिताने उभं करतो. ग्राफिक्स चिपने हे काम घेतलं तर प्रोसेसर निवांत राहतो. पण त्यासाठी डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅकेज, आरसी-कॉन्फ या सेटिंग फाईलच्या केएलडी यादीत (बूटला चढवायच्या मॉड्यूलच्या यादीत) योग्य ड्रायव्हर (इंटेलला आय-नाइन-वन-फाइव्ह-केएमएस, एएमडीला एएमडीजीपीयू), आणि वापरकर्ता 'व्हिडिओ' गटात, या तिन्ही गोष्टी लागतात. सिस्टीमची किरकोळ आवृत्ती बदलल्यावर ड्रायव्हर उठत नसेल, तर तो बहुधा जुन्या कर्नलसाठी बांधलेला असतो. पोर्ट्समधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या सोर्समधून सॉफ्टवेअर बांधण्याच्या संग्रहातून, पुन्हा बांधावा. इंटेलच्या चिपमध्ये एव्ही-वन या नव्या कोडेकची (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीची) सोय 2020 च्या अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रावर यूट्यूबने एव्ही-वन पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कोडेक आणि गळालेली चित्रं दोन्ही दिसतात. चित्रं गळत असतील तर ब्राउझरला एक्स्टेंशन लावून एच-264 हा जुना कोडेक मागवावा. 1080 च्या वरचं रिझोल्यूशन मग मिळणार नाही.

'यूजर एजंट (ब्राउझर साइटला देतो ती स्वतःची ओळख) बदला, सगळं चालतं' हा सल्ला तर मंत्रासारखा दिला जातो. त्याने फक्त दारावरची चौकशी टळते: साइट फ्रीबीएसडी पाहून परत पाठवत असेल तर आत सोडते, एवढंच. सशुल्क चित्रपटांचं कुलूप त्याने उघडत नाही, कारण त्यासाठी वाइडव्हाइन नावाचं बंदिस्त मॉड्यूल लागतं आणि गूगल ते फ्रीबीएसडीसाठी देत नाही. विनोद असा, की नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालतात.

त्यावरचा मार्ग म्हणजे लिनक्स सुसंगतता थर चालू करून त्यात लिनक्सचा क्रोम बसवणं. हा थर लिनक्सचे सिस्टीम कॉल फ्रीबीएसडीच्या कर्नलला समजतील असे करून देतो, वेगळं आभासी यंत्र लागत नाही. वाइडव्हाइन तिथे सॉफ्टवेअरच्या पातळीवर चालतं, त्यामुळे काही सेवा कमी रिझोल्यूशनच देतात. हे सगळं जमल्यावरही आवाज नसेल तर लक्षात घ्यावं, की लिनक्सचा ब्राउझर अल्साची, म्हणजे लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेची, भाषा बोलतो आणि फ्रीबीएसडीचा कर्नल ओएसएसची. दोघांमधला अल्सा-ओएसएस प्लगइन लिनक्स थराच्या आत वेगळा बसवावा लागतो.