बारावीनंतर बीबीए-बीएमएस: सरकारी विद्यापीठाचं कॉलेज की खासगी विद्यापीठ? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

निकालाच्या आसपास घरोघरी एकच वाद चालू असतो. मुंबई विद्यापीठ किंवा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ यांसारख्या मोठ्या, जुन्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, की एखाद्या लहान खासगी विद्यापीठात जाऊन छोट्या वर्गात बिझनेस शिकायचं? या वादात एक गोष्ट कायम निसटते. मुंबई विद्यापीठात बीएमएस करणारा मुलगा बहुतेक वेळा विद्यापीठात शिकतच नाही. तो शिकतो संलग्न कॉलेजात. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, किंवा कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा कॉलेजची आणि पदवी तेवढी विद्यापीठाची. म्हणजे विद्यापीठ कितीही मोठं असलं तरी आपला वर्ग साठ जणांचा असू शकतो. म्हणून आकारावरून भांडण्याआधी प्रवेश कोणत्या दारातून होतोय ते बघा. फी कोण ठरवणार, शिष्यवृत्ती मिळणार का, आरक्षण लागू होणार का, हे बहुतांशी त्या दारावर ठरतं.

दारं तीन आहेत.

पहिलं दार: सीईटी आणि कॅप

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय नियामक परिषद) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली. पहिल्या वर्षी गोंधळ इतका की मे २०२४ मधल्या परीक्षेनंतर ऑगस्टमध्ये पुन्हा एक जादा सीईटी घ्यावी लागली. अनेकांना आपल्या कोर्सला सीईटी आहे हेच माहीत नव्हतं. ती वेळ आता येऊ देऊ नका, कारण नोंदणी बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी सुरू होऊन संपते.

पात्रता सोपी आहे: कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण. यंदा बारावीला बसलेल्यांनाही सीईटीचा अर्ज भरता येतो. पेपर १०० प्रश्नांचा, ९० मिनिटांचा, संगणकावर. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीकडे सर्वांत आधी बघावं, कारण या पेपरात सगळ्यात जास्त गुण इंग्रजीलाच आहेत.

सीईटी देणं म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. दरवर्षी काही पालक इथेच फसतात. निकाल लागल्यावर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी (घरबसल्या ई-स्क्रुटिनी किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकतींसाठी थोडे दिवस, अंतिम यादी आणि मग पर्याय अर्ज. पर्याय अर्जात कॉलेजं भरताना 'मिळेल का' हा विचार बाजूला ठेवा. 'हवं आहे का' या क्रमानंच भरा. वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. कितव्या पसंतीपर्यंत हा नियम लागतो हे फेरीनुसार आणि वर्षानुसार बदलतं, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघावीच लागते. जागा स्वीकारताना थोडं शुल्क ऑनलाइन भरायचं आणि मुदतीत कॉलेजात हजर व्हायचं.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. लोक त्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. या जागेवर प्रवेश घेतला तर कॉलेज तेच, पदवी तीच, पण कॅपसोबत येणाऱ्या फी-सवलती हातच्या जातात.

त्या सवलती छोट्या नाहीत. कॅपमधल्या विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना निम्मी शिक्षण फी परत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. या दोन्हींतून खासगी अभिमत (केंद्रानं विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) आणि स्वयंअर्थसहाय्यित (राज्य कायद्यानं स्थापन झालेली खासगी) विद्यापीठं वगळलेली आहेत. पात्र मुलीचा प्रवेश कॅपमधून होत असताना केवळ कॅम्पस देखणा म्हणून खासगी विद्यापीठात फी भरणं, हा माझ्या मते महागडा हट्ट आहे. ऐपत असेल आणि कारण पक्कं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं दार: नाव बदललेला बी.कॉम.

एआयसीटीई आणि सीईटी टाळण्यासाठी अनेक कॉलेजांनी त्याच धाटणीचा अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावानं सुरू केला. इथे सीईटी नाही. बारावीच्या गुणांवर, विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी करून आणि कॉलेजचा अर्ज भरून प्रवेश होतो. काही नामांकित स्वायत्त कॉलेजं स्वतःची परीक्षाही घेतात. अभ्यासक्रमात वाईट काहीच नाही, आणि सीईटी हुकलेल्यांसाठी तर हा रस्ता उरतोच. मात्र गुणपत्रिकेवर 'बी.कॉम.' येईल हे आधी समजून घ्या, आणि त्या कॉलेजचा नेमका तो कोर्स महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर कोणत्या योजनेखाली दिसतो हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारा. 'होईल, बघू' हे उत्तर म्हणजे नकार समजावा.

तिसरं दार: विद्यापीठाचा स्वतःचा प्रवेश

'खासगी' या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या संस्था टाकतो. नरसी मोनजी आणि सिम्बायोसिस ही अभिमत विद्यापीठं आहेत. फ्लेम, एमआयटी वर्ल्ड पीस, सोमय्या विद्याविहार ही राज्य कायद्यानं स्थापन झालेली खासगी विद्यापीठं. नरसी मोनजीसाठी एनपॅट, सिम्बायोसिससाठी सेट आणि पुढे गटचर्चा-मुलाखतीसारखी फेरी, फ्लेमसाठी फीट, अशा प्रत्येकाच्या परीक्षा वेगळ्या, अर्ज शुल्क वेगळं. तारखा बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला चिकटून येतात, त्यामुळे निर्णय अकरावीच्या सुट्टीतच घेतलेला बरा.

वैधता तपासायची ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) संकेतस्थळावरच्या यादीत. राज्य कायद्याखालच्या खासगी विद्यापीठाला कॉलेजं संलग्न करता येत नाहीत. तेव्हा कुणी 'अमुक विद्यापीठाची डिग्री, शिकायचं मात्र आमच्या इथल्या क्लासमध्ये' असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी थेट विद्यापीठाकडे लेखी विचारणा करा.

लहान विद्यापीठाची खरी जमेची बाजू वेळापत्रकात दिसते. अभ्यासक्रम लवकर बदलतो, निकाल वेळेवर लागतो, प्राध्यापक नावानं ओळखतात. सार्वजनिक विद्यापीठांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावेत असं राज्याचा २०१६ चा कायदा सांगतो. पण २०१७ मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि परदेशी प्रवेश घेणाऱ्यांची पंचाईत झाली. उलट लहान ठिकाणी माजी विद्यार्थ्यांचं जाळं तोकडं असतं. तिथे प्लेसमेंटचं सर्वोच्च पॅकेज विचारू नका. मधलं पॅकेज किती, आणि शंभरातल्या किती जणांनी प्लेसमेंटला नाव दिलं होतं, हे विचारा. उत्तर देताना समुपदेशक चाचरले तर तेही उत्तरच आहे.

कर्जाचा विचार असेल तर साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज बँका सहसा तारणाशिवाय देतात. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना एनआयआरएफ या सरकारी संस्था-क्रमवारीवर निवडलेल्या संस्थांनाच लागू आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का ते पोर्टलवर पाहा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला तिचा उपयोग नाही.

कागदपत्रं

तिन्ही दारांना लागतात ती: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, आणि प्रवेश परीक्षा दिली असेल तर तिचं गुणपत्रक. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र, बोर्ड दुसरं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

खरी धावपळ कॅपच्या कागदांची. राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून काढा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. मे-जूनमध्ये सेतूसमोर काय रांगा लागतात ते सांगायला नको, एप्रिलमध्येच अर्ज टाका. आरक्षणासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला समितीकडे काही महिने सहज जातात, म्हणून बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा. एखाद्या वर्षी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देतात, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअर हवं आणि ते प्रवेशानंतरच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. मागच्या वर्षीचं संपलेलं प्रमाणपत्र जोडल्यानं अर्ज खुल्या प्रवर्गात गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र माहितीपुस्तिकेत दिलेल्या राज्याच्या नमुन्यातच काढा. शिष्यवृत्तीसाठी आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं आणि ते विद्यार्थ्याच्याच नावावर असावं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांसाठी दोन गोष्टी. बेळगाव, निपाणी, कारवार अशा वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॅपमध्ये 'ई' प्रकार आहे. त्यासाठीचा विहित नमुन्यातला दाखला आधी मिळवा. गोव्यातून येणारे परराज्यातले धरले जातात. आई-वडिलांपैकी कुणाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर 'बी' प्रकार लागू होतो का, ते तपासून घ्या.

दोन्हीकडे अर्ज केला तर

करावाच. खासगी विद्यापीठाचा प्रवेश आधी होतो, कॅप नंतर चालते. त्यामुळे तिथे पहिला हप्ता भरून जागा धरून ठेवायची आणि कॅपमध्ये मनासारखं मिळालं तर रद्द करायची, हा सर्रास मार्ग आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केल्यास फी पूर्ण परत मिळते, फक्त प्रक्रिया शुल्क कापता येतं आणि तेही पाच हजारांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ५० टक्के, आणि मग काहीच नाही. २०२४-२५ साठी यूजीसीनं ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याची जास्त उदार मुदत दिली होती. तशी सूचना आपल्या वर्षासाठी निघाली आहे का ते पाहा. रद्द करण्याचा अर्ज ईमेलनं करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही संस्थेनं ठेवून घ्यायची नसतात: पडताळणी झाली की तिथल्या तिथे परत मागा, कारण कॅपच्या कॉलेजात हजर होताना तीच दाखवावी लागतात.