जाताना 40 मिनिटं, येताना तास

दोन छोट्या विमानतळांमधलं हवाई अंतर 400 किलोमीटर आहे असं धरू. एटीआर-72 सारखं पंख्याचं विमान ताशी साधारण 500 किलोमीटरने उडतं. म्हणजे 48 मिनिटं. मग तिकिटावर सव्वा तास कसा, आणि परतीची वेळ वेगळी का?

'पृथ्वी फिरते ना, म्हणून!' हे उत्तर हमखास मिळतं आणि ते चूक आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, पण तिच्यासोबत विमानतळ, हवा आणि विमानही जातं. विमान या फिरण्यातून सुटत असतं, तर पश्चिमेचं गाव आपणहून समोर धावत आलं असतं! वाऱ्यांच्या दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात असतो, हे मात्र खरं.

खरा खेळ वाऱ्याचाच. विमानाचा वेग हवेच्या मानाने असतो आणि हवा स्वतःच सरकत असते. समजा, वारा ताशी 100 किलोमीटरचा आहे. जाताना तो पाठीशी, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग 600. 400 किलोमीटरला 40 मिनिटं. येताना तोच तोंडावर, वेग 400. पूर्ण 60 मिनिटं. एकूण 100. वारा पडलेला असता तर 96 लागली असती. जाताना कमावलं ते येताना फिटतं, असं वाटतं. पण फिटत नाही. कारण वारा मदत करतो 40 मिनिटं आणि अडवतो 60 मिनिटं.

आणखी गंमत म्हणजे वारा नेमका आडवा असला तरी तोटाच. भरकटू नये म्हणून विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उडावं लागतं. पायथागोरस लावा: 500 च्या वर्गातून 100 चा वर्ग वजा केला की वर्गमूळ येतं 490. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा सुमारे एकेक मिनिट जास्त.

फेब्रुवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या प्रवासी विमानाने ताशी 1289 किलोमीटर वेग गाठला, तेव्हा 'ध्वनीपेक्षा वेगवान' असा गवगवा झाला. तो वेग जमिनीच्या मानाने होता. पाठीमागे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, होता. भोवतालच्या हवेत स्वारी ध्वनीच्या खालच्याच चालीने चालली होती.

उरलेली मिनिटं जमिनीजवळ जातात. वेळापत्रकातली वेळ धावपट्टी सोडल्यापासून नव्हे, तर चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढण आली. 18,000 फुटांवरून तीन अंशांच्या उताराने यायचं तर सुमारे 105 किलोमीटर आधीच खाली यायला लागतं; मधला सपाट पल्ला आखूडच. त्यात उतरायचं वाऱ्याला तोंड देऊन, कारण त्याने जमिनीवरचा वेग कमी होतो. म्हणून कधीकधी खिडकीतून विमानतळ स्पष्ट दिसतो, मागे सरकतो, आणि विमान पलीकडे जाऊन वळसा घेतं.