दोन हिवाळे मागणारं बी

वर्षभर पाणी घालूनही कुंडीत हिरवं काही दिसलं नाही, की आपण ती उपडी करून माती दुसरीकडे वापरतो. ट्रिलियम लावणाऱ्याने नेमकं हेच करायचं नसतं.

ट्रिलियम म्हणजे थंड मुलखातल्या जंगलात, झाडांच्या सावलीत वाढणारी लिलीसारखी वनस्पती. दांड्यावर तीन पानं, मधोमध एकच फूल. पांढऱ्या फुलाची जात १९३७पासून कॅनडातल्या ऑन्टॅरिओचं प्रांतपुष्प आहे. टोरंटोकडच्या मराठी मंडळींना ते ओळखीचं असेल. हिमालयातली तिची बहीण नागछत्री. हिच्या अरुंद, किरमिजी-तपकिरी पाकळ्या बघून कुणी थबकायचं नाही. मागणी आहे ती जमिनीखालच्या कंदाला, त्यातल्या सॅपोनिन नावाच्या औषधी रसायनांमुळे. कंद खणला की रोप संपलं. अशाने ती आज संकटग्रस्त झाली आहे.

मग बियांपासून का वाढवू नये? वाढवावी की, पण घाई नको.

बी हातात घेऊन बघा: तपकिरी दाणा आणि त्याला चिकटलेली पांढुरकी, तेलकट शेंडी. ही शेंडी मुंग्यांसाठी. त्या बी वारुळात ओढून नेतात, शेंडी खातात आणि दाणा आपल्या उकिरड्यावर टाकतात. फुकटची पेरणी, वर खत!

पुढे खरी गंमत आहे. या वंशातल्या बऱ्याच जातींत पहिली थंडी खाल्ल्यावर बियातून फक्त मूळ निघतं. मातीखाली इवलासा कंद धरतो, वर मात्र सामसूम. कोंबाला दुसरा हिवाळा लागतो आणि दोन्हींच्या मध्ये ऊबही हवी. म्हणून हौशी लोक ताजं बी ओल्या वाळूत घालून पिशवीसकट तीन महिने फ्रीजमध्ये ठेवतात, तीन महिने बाहेर, पुन्हा तीन महिने फ्रीजमध्ये. सलग सहा महिने गारठवलं तर एकच हिवाळा मोजला जातो. आणि बी उन्हात सुकवून डबीत भरायची आपली सवय इथे नडते. सुकलेल्या बियाची उगवण घटते. अर्थात इतकं करूनही पुण्यामुंबईच्या उकाड्यात रोपाचा निभाव लागणं अवघडच.

फुलायला सात-आठ वर्षं सहज जातात. त्याआधी तीन पानं, त्याआधी वर्ष-दोन वर्षं एकच पान आणि सगळ्यांत आधी, पेरणीनंतरच्या दुसऱ्या वसंतात, गवताच्या पात्यासारखं एक बारीक बीजपत्र. तण समजून तेच उपटलं जातं, म्हणून जाणकार शेजारी तारखेची पट्टी खोचून ठेवतात.