तळहाताएवढे चार ठिपके

स्वस्तात रेसकार बनवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी इंजिन येतं. जुनी, हलकी गाडी घ्यायची, भंगारातून दुप्पट ताकदीचं इंजिन उचलायचं आणि तिच्यात बसवायचं. झाली रेसकार! सरळ रस्त्यावर हे बऱ्यापैकी खरंही आहे. पण ट्रॅकला वळणं असतात, आणि वळणावर इंजिनाचं काही चालत नाही. तिथे गाडी रस्त्याला धरून असते ती चार ठिपक्यांनी. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, बाकी सगळी गाडी हवेतच असते म्हणा ना.

इकडचं-तिकडचं जोडून केलेल्या रेसकारचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण १९४६ सालचं आहे. इंग्लंडमधल्या सर्बिटन इथे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी फियाट टोपोलिनो या चिमुकल्या गाडीचे दोन पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले. टोपोलिनोची पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली व्हायची, मागची एकाच दांड्यावर जखडलेली असायची. दोन्हीकडे पुढचाच भाग लावल्यावर चारही चाकं स्वतंत्र झाली. इंजिन होतं मोटरसायकलचं, ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं. साखळीनं मागची चाकं फिरवायची, म्हणून ते चालकाच्या मागे ठेवणं सोयीचं पडलं. निव्वळ सोय! पण इंजिन मागे ठेवायची ती सवय कूपरनं सोडली नाही, आणि १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम कूपरच्या गाडीत फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. काही वर्षांत चालकाच्या पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून नाहीशा झाल्या.

आता त्या ठिपक्यांकडे वळू. १००० किलोची गाडी घ्या, चारही चाकांवर २५० किलो. ती उजवीकडे वेगात वळते तेव्हा टायर रस्त्यालगत आतल्या बाजूला खेचत असतात, पण गाडीचा गुरुत्वमध्य असतो बराच वर, समजा अर्ध्या मीटरवर. त्यामुळे गाडी बाहेर उलटू पाहते आणि भार डाव्या चाकांवर सरकतो. किती सरकतो? वजन गुणिले वळणाचं त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. त्वरण गुरुत्वाच्या ०.९ पट आणि अंतर १.४ मीटर धरलं, तर सुमारे ३२० किलो. म्हणजे डाव्या चाकांवर प्रत्येकी ४१० आणि उजव्यांवर फक्त ९०.

या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, हे पाहिलंत? कडक स्प्रिंग टाकल्यानं गाडी कलायची कमी होते, पण सरकणारा भार जवळपास तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर गाडी खाली आणा, रुंद करा किंवा हलकी करा.

पण भार सरकला तर बिघडलं कुठे? शाळेत शिकलो की घर्षण भाराच्या प्रमाणात असतं. एका टायरवर वाढलं ते दुसऱ्यावर कमी झालं, बेरीज तीच. धातूवर धातू घासताना हे छान जमतं, कारण दोन पृष्ठभाग फक्त टोकाटोकांवर टेकलेले असतात. भार दुप्पट केला की टोकं चेपून खरा स्पर्श दुप्पट होतो. रबराची गोष्ट वेगळी. ते मऊ असल्यानं थोड्या भारातच रस्त्याच्या खडबडीत घुसून बसतं. पुढे भार वाढवला तर भरायला जागाच कमी उरलेली असते. मऊ चेंडू कडक फरशीवर दाबला तर भार आठपट केल्यावर स्पर्शाचं क्षेत्रफळ जेमतेम चौपट होतं. टायरमध्ये तूट इतकी मोठी नसते, पण असते. समजा २५० किलोवर घर्षण गुणांक १.०० आहे, ४१० वर तो ०.९० होतो आणि ९० वर १.१०. मग चाकांच्या एका जोडीची पकड आधी ५०० होती, ती आता ३६९ अधिक ९९, म्हणजे ४६८. बत्तीस किलोंची पकड कुठे गेली? कुठेही नाही, रबरानं ती दिलीच नाही.

हे एकदा कळलं की अँटी-रोल बार हा गाडीतला सगळ्यात गमतीदार भाग वाटायला लागतो. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी पोलादी सळई, दोन्ही टोकांना वाकवलेली. गाडी कलली की ती पिळते आणि कलण्याला विरोध करते. एकूण सरकणारा भार ती बदलत नाही, पण त्यातला किती पुढच्या जोडीनं सोसायचा आणि किती मागच्या, हे ठरवते. पुढची सळई जाड केली की पुढच्या जोडीत विषमता वाढते, पुढची पकड घटते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. मागची जाड केली की शेपूट सुटतं. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी रेसकार वळणात आतलं मागचं चाक उचलून तीन पायांवर धावताना पाहिली असेल. तो बिघाड नसतो, मागच्या जोडीनं आपल्या वाटणीचा सगळा भार सोसून पुढची मोकळी ठेवलेली असते. शिवाय सळईचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ ची टाकली तर तो ४६ टक्क्यांनी वाढतो! त्याच मॉडेलच्या जड आवृत्तीची सळई भंगारात मिळाली, तर मोठ्या इंजिनापेक्षा मी ती आधी उचलीन.

गाडी खाली आणायला स्प्रिंगचे वेढे कापतात, त्यात एक गोम आहे. (पुढची चार वाक्यं भूमितीची आहेत, नको असतील तर ओलांडा.) मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (म्हणजे चाकाला वरून स्प्रिंगचा उभा खांब, स्ट्रट, आणि खालून एक आडवा दांडा, आर्म, धरून ठेवतो अशा गाडीत) खालच्या आर्मची रेषा आत वाढवा आणि स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात दुसरी रेषा काढा. दोन्ही मिळतात तिथून टायरच्या ठिपक्याकडे तिसरी रेषा ओढली की ती गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो रोल सेंटर, म्हणजे ज्याच्याभोवती गाडी कलते तो बिंदू. गाडी खाली आणली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा भरभर खाली घसरतो. दोघांमधलं अंतर हाच गाडी कलवणारा तरफेचा हात, म्हणजे खाली आणलेल्या गाडीची कलण्याची ओढ उलट वाढते. उपाय साधा आहे: बॉल जॉइंटपाशी, म्हणजे आर्म चाकाला जोडणाऱ्या सांध्यापाशी, धातूचा जाड तुकडा घालून आर्म पुन्हा आडवा करायचा.

इंजिन बदलण्याबद्दल थोडक्यात. बिडाच्या ब्लॉकचं इंजिन नाकावर बसवलं की वर केलेली सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागते. माउंटिंग, वायरिंग, रेडिएटर, गिअरबॉक्सची जुळणी, एक्झॉस्ट ही कामं वेळ खातात ते वेगळंच. आणि पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून ताकद वाढवणाऱ्या पट्ट्या विकत घेऊ नका. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, तो पैसा टायरवर घाला. काटकसर सुरक्षेतही नको. अमेरिकेत २००६ पासून चालणाऱ्या ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या शर्यतीत गाडी ५०० डॉलरच्या आत बसवायची असते, पण रोल केजसारख्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पोलादी पिंजऱ्यासारख्या) सुरक्षा-सामानाचा खर्च त्यात धरत नाहीत.

केलेले बदल लागू पडले का, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. मोकळ्या, बंदिस्त मैदानात दोरीनं १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, न घसरता जमेल तितक्या वेगानं गाडी त्यावर फिरवा आणि एका फेरीची वेळ घ्या. फेरी ८.२ सेकंदांत झाली तर त्वरण गुरुत्वाच्या ०.९० पट. मागची सळई बदलून तीच फेरी ८.१ सेकंदांत झाली, तर ०.९२ पट. मग दुसऱ्या दिशेनंही फिरवून बघा.