टायरमधील हवेचा दाब (स्कूटर)

स्कूटरच्या टायरमध्ये कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा जेवढा जास्त, ते मान. बोलीत नुसतेच ‘हवा’. चपट्या टायरवर मापक शून्य दाखवतो, तेव्हाही आत सु. १४.७ पीएसआय (पौंड प्रति चौ. इंच) वातावरणीय दाब असतोच. जुन्या माहितीपुस्तिकांत किग्रॅ./चौ. सेंमी. (सु. १४.२ पीएसआय) व बार (सु. १४.५ पीएसआय) ही एकके आढळतात, त्यांची गल्लत झाली तरी स्कूटरपुरता फरक जेमतेम अर्ध्या पीएसआयचा.

हवा भरलेल्या टायरचे जनकत्व वादग्रस्त आहे. सामान्यतः बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांचे १८८८ चे पेटंट सांगितले जाते. मात्र रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच रबर लावलेल्या कापडाची नळी व वर चामड्याचे वेष्टन अशा ‘हवाई चाका’चे पेटंट घेतले होते, आणि त्यामुळेच डनलॉप यांचा हक्क पुढे टिकला नाही. तेव्हा कल्पना टॉमसन यांची, प्रसार डनलॉप यांच्यापासून, असे मानणे अधिक सयुक्तिक. आजचा व्हॉल्व्ह श्रेडर प्रकारचा, म्हणजे आत स्प्रिंगची पिन असलेला. त्याचे अमेरिकी पेटंट १८९३ चे.

स्कूटरचे इंजिन मागच्या चाकालगत असल्याने मागे हवा जास्त लागते. व्हेस्पा पीएक्सला पुढे सु. १८, मागे एकट्यासाठी सु. २५ आणि डबलसीट सु. ३६ पीएसआय सांगितली जाते. इतर गाड्यांचे आकडे पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर पाहावेत. टायरच्या कडेवर छापलेला आकडा टायरच्या कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

दाब टायर थंड असताना पाहावा. तापमान १०° से. वाढले की ३० पीएसआयच्या टायरमध्ये सु. दीड पीएसआयची भर पडते. त्यामुळे पंपावर पोचेपर्यंत तापलेल्या टायरची ‘जास्तीची’ हवा काढणे चूक. दहा इंची चाकात हवाच थोडी मावते, म्हणून मापक तिरका टेकवून निसटलेली एक ‘फुस्स’देखील आकड्यात दिसते. हवेऐवजी टायरमध्ये भरल्या जाणाऱ्या नायट्रोजनचे कौतुक बेतानेच करावे. साध्या हवेत तो सु. ७८ टक्के असतोच.

हवा वरचेवर उतरत असेल, तर पंक्चरवाला व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावतो. बुडबुडा फुगला, की आधी पिन आवळतो. चाक नंतर खोलतो.