गरीब देशांच्या शेतमालाची सवलत आणि जागतिक वाटाघाटी

इतरांना भरावे लागणारे आयातशुल्क आणि आपल्याला भरावे लागणारे आयातशुल्क यांतील फरक हीच व्यापारी सवलतीची खरी किंमत असते. म्हणूनच जागतिक वाटाघाटींत सर्वांचे शुल्क उतरले, की गरीब देशांवर कोणताही नवा बोजा न पडता त्यांची सवलत आटत जाते.

जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या १९४७ च्या गॅट कराराचा पाया सर्व सदस्यांना समान वागणूक हा होता. या तत्त्वाला अपवाद हवा, ही विकसनशील देशांची मागणी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अंक्टाडचे (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे) पहिले महासचिव राऊल प्रेबिश यांनी लावून धरली. १९७१ मध्ये तशी तात्पुरती मुभा मिळाली आणि १९७९ मध्ये ती कायम झाली. मात्र श्रीमंत देशांनी आपल्या सवलत योजनांतून अनेक शेतमाल वगळले. शेतमालाला भरीव आधार दिला तो १९७५ च्या लोमे कराराने. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील ४६ देशांना, ज्यांत बहुतेक युरोपच्या जुन्या वसाहती होत्या, युरोपीय बाजार खुला झाला. त्यांच्यापैकी ऊस पिकवणाऱ्या देशांची ठरावीक साखर युरोप आपल्या चढ्या हमीभावाने घेऊ लागला.

ही सवलत निवडक देशांपुरती असल्याने लॅटिन अमेरिकेतील केळी उत्पादक देश दुखावले. इक्वाडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका यांच्या तक्रारीवर १९९७ मध्ये गॅटची जागा घेतलेल्या जागतिक व्यापार संघटनेने युरोपच्या केळी आयात व्यवस्थेविरुद्ध निर्णय दिला. ज्याची उपजीविका पणाला लागली होती, तो केळी पिकवणारा कॅरिबियन बेट-देश सेंट लुशिया या खटल्यात वादी किंवा प्रतिवादी नव्हे, तर केवळ त्रयस्थ पक्ष होता, आणि त्याने नेमलेल्या खासगी वकिलांना सुरुवातीला सुनावणीत बसूही दिले नाही; संघटनेच्या अपील मंडळाने पुढे ती परवानगी दिली. हा तपशील मला निकालाइतकाच बोलका वाटतो. डिसेंबर २००९ च्या तडजोडीत युरोपने लॅटिन अमेरिकी केळ्यांवरील शुल्क टनामागे १७६ युरोंवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोंवर आणण्याचे मान्य केले, आणि कॅरिबियन केळ्यांची आघाडी तेवढीच घटली.

साखरेचेही तेच झाले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर अनुदानाविरुद्धचा खटला २००५ मध्ये जिंकला. त्यानंतरच्या फेररचनेत युरोपातील साखरेचा संदर्भ भाव ३६ टक्क्यांनी उतरवण्यात आला आणि हमीभावाने खरेदीची व्यवस्था २००९ मध्ये संपली.

अत्यल्प विकसित देशांसाठी युरोपने २००१ मध्ये शस्त्रे वगळता सर्व माल शुल्कमुक्त केला. जागतिक व्यापार संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेत इतर श्रीमंत देशांकडूनही अशाच सवलतीची अपेक्षा होती, पण अडचण असलेल्यांना ती किमान ९७ टक्के शुल्कप्रकारांपुरती (शुल्कयादीतील मालाच्या नोंदींपुरती) देण्याची मोकळीक राहिली. गरीब देशांची निर्यात मोजक्याच जिन्नसांवर उभी असते, आणि ते सारे जिन्नस उरलेल्या ३ टक्क्यांत सहज बसू शकतात.