मॅग्नेट ग्रिल आणि वेल्डिंग : गिरणी व कांडपचालकांसाठी माहितीपत्रक

मॅग्नेट ग्रिल म्हणजे धान्य किंवा मसाल्यातील लोखंडी कण पकडणारी चुंबकी नळ्यांची जाळी. आमच्याकडून ती नेलेल्या ग्राहकांपैकी जे तक्रारीसाठी फोन करतात, त्यांतील बहुतेकांचे वाक्य एकच असते : "मॅग्नेट खेचत नाही." ग्रिल दुरुस्तीला आले आणि मोजून पाहिले, की दोष बहुधा चुंबकात नसून ग्रिल हॉपरमध्ये (धान्य ओतण्याच्या पेटीत) बसवण्याच्या पद्धतीत सापडतो. प्रत्येकाला तेच फोनवर समजावून सांगण्यात त्यांचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

ग्रिलमधील प्रत्येक नळी 25 मिलिमीटर व्यासाची, 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असते. तिच्यात निओडिमियम चुंबकाच्या चकत्या असतात आणि दर दोन चकत्यांमध्ये मऊ लोखंडाची एक पातळ चकती असते. चुंबकांची सारखी टोके, म्हणजे उत्तरेसमोर उत्तर आणि दक्षिणेसमोर दक्षिण, मुद्दाम समोरासमोर ठेवून त्या दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राला सरळ पुढे जायला वाट राहत नाही आणि ते लोखंडी चकतीतून बाजूला, नळीच्या बाहेर फेकले जाते. लोखंडी चकत्यांच्या जागी नळीवर असे जोरदार पट्टे तयार होतात; तिथे आमच्या नळीचे वाचन 10,000 गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आसपास मिळते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही कमी आहे, यावरून हा आकडा किती मोठा आहे ते लक्षात येईल. मात्र नळीपासून बोटभर दूर गेले, की हे क्षेत्र झपाट्याने उतरते. म्हणूनच आम्ही नळ्या दोन ओळींत, खालची नळी वरच्या दोन नळ्यांमधील फटीखाली येईल अशा बसवतो, जेणेकरून धान्य कोणत्या ना कोणत्या नळीला घासूनच खाली पडावे. काही विक्रेते चुंबकाच्या प्रतीचा आकडा, उदाहरणार्थ 12,000, हाच नळीचा गॉस म्हणून सांगतात. तो आकडा पदार्थाच्या आतील शिल्लक चुंबकत्वाचा असतो; पृष्ठभागावर प्रोब (मोजणी यंत्राचे टोक) टेकवून मिळणारे वाचन ही वेगळी गोष्ट आहे, आणि मालासोबतच्या आमच्या कार्डावर आम्ही तेच लिहितो.

आता मुख्य मुद्दा. निओडिमियम हा आज सहज मिळणारा सर्वांत ताकदवान चुंबक असला, तरी उष्णता त्याला सोसत नाही. साध्या प्रतीची मर्यादा 80 अंश सेल्सियस आहे. त्या मर्यादेच्या आत तापमान वाढले तर दर अंशाला सुमारे 0.12 टक्के ताकद कमी होते आणि थंड झाल्यावर ती परत येते. मर्यादा ओलांडली तर गेलेल्या ताकदीचा काही भाग थंड झाल्यावरही परत येत नाही, आणि 310 अंशांच्या पुढे तर चुंबकत्व पूर्णपणे नाहीसे होते. वेल्डिंगच्या ठिकाणी धातू वितळतो, म्हणजे तापमान याच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

तरीही हॉपरला पट्टी मारताना ग्रिल आतच ठेवून वेल्डिंग करण्याचा प्रकार थांबत नाही. मागे एका मिरची कांडपवाल्या ग्राहकाने पाठवलेल्या पाच नळ्यांचे आमच्या कार्डावरील मूळ वाचन मध्यभागी आणि दोन्ही टोकांना 9,700 च्या आसपास होते. परत आल्यावर मध्यभागी आणि डाव्या टोकाला ते जवळपास तेवढेच मिळाले. उजव्या टोकाला मात्र 3,000 सुद्धा भरेना. त्याच टोकाकडे नळीवर निळसर-तपकिरी डाग होता आणि जवळच वेल्डचा एक थेंब चिकटलेला होता. चुंबकाचाच दोष असता, तर पाचही नळ्यांची ताकद एकाच टोकाला गेली नसती. आम्ही बदली माल देत नाही म्हणून काही जण नाराज होतात. परंतु माल देतानाच ग्राहकासमोर प्रत्येक नळी तीन ठिकाणी मोजून कार्ड भरण्याची आमची पद्धत याचसाठी आहे. गंमत अशी, की वेल्डरही त्या दिवशी कुरकुरतच होता : चुंबक जवळ असल्यामुळे आर्क, म्हणजे वेल्डिंगचा विजेचा झोत, एका जागी टिकत नव्हता, सारखा बाजूला ओढला जात होता. असा आर्क भरकटू लागला, तर काम तिथेच थांबवून आधी ग्रिल बाहेर काढावे.

चौकट नटबोल्टने बसवणे सर्वांत उत्तम. वेल्डिंग टाळता येत नसेल, तर रिकामी चौकट आमच्याकडून वेगळी मिळते. ती आधी वेल्ड करून हाताला गार लागेपर्यंत थांबावे आणि मगच ग्रिल ड्रॉवरसारखे आत सरकवावे. भाजलेला मसाला किंवा फुटाणे कढईतून थेट येत असतील, तर साधी प्रत मागू नये. 150 अंश सोसणारी एसएच प्रत घ्यावी. ती महाग आहे, पण दर हंगामाला ग्रिल बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. टोक गेलेली नळी बहुतेक वेळा पुन्हा मॅग्नेटाइझ होऊ शकते. त्यासाठी ती कापून उघडावी लागते, म्हणून खर्च नव्या नळीच्या जवळपास जातो. हे आम्ही काम हाती घेण्यापूर्वीच सांगतो.

304 स्टेनलेसचा नट किंवा पितळेचा तुकडा ग्रिलला चिकटला नाही, तर तो दोष मानू नये. लोखंडाइतके हे धातू चुंबकाकडे ओढले जात नाहीत. नळीवर लोखंडी कणांची दाढी वाढली, की नवे कण नळीपासून दूरच राहतात, म्हणून रोज काम संपल्यावर हातमोजे घालून मध्यापासून टोकाकडे पुसत न्यावे. नळीच्या अगदी शेवटच्या भागात चुंबक नसतो, त्यामुळे कण तिथे सहज सुटतात. जुन्या नालाच्या आकाराच्या चुंबकाला लोखंडी पट्टी लावून ठेवत, तशी ती इथे लावण्याची गरज नाही. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने मात्र ग्रिल उचलू नये आणि त्यापासून निदान हातभर दूर राहावे.

दुरुस्तीसाठी नळी पाठवताना मूळ कार्ड सोबत द्यावे. कार्ड असल्यास तपासणी विनामूल्य आहे.